गेमिंगसाठी लॅपटॉप की डेस्कटॉप? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. भाच्याचा मित्र, सोसायटीतल्या काकूंची मुलगी, ऑफिसातल्या सहकाऱ्याचा धाकटा भाऊ. अकोल्यात कॉलेजात असताना मित्रांना कॉम्प्युटर असेंबल करून द्यायला लागलो, आता पुण्यात नोकरी करतो तरी ती हौस सुटलेली नाही. प्रश्न बहुतेक तेच असतात. पण ज्या घरातून प्रश्न येतो त्या घरातले दोन-तीन पगार त्यात जाणार असतात, त्यामुळे फोनवर घाईघाईत उत्तर द्यायचं माझ्या जिवावर येतं. इथे सगळं सावकाश लिहितोय.

थोडक्यात सांगा ना, काय घेऊ?

सांगतो, पण आधी कॅलेंडर काढा. मागच्या दोन महिन्यांत कॉम्प्युटर घराबाहेर न्यावाच लागला असता असे दिवस किती, ते मोजा. "कधीतरी लागेल" हे धरायचं नाही. आठवड्याला तीन-चार दिवस निघाले तर लॅपटॉप घ्या आणि मनात किंतु ठेवू नका. दोन महिन्यांत दोन-चारच निघाले तर डेस्कटॉप घ्या.

माझ्या पाहण्यातले कितीतरी गेमिंग लॅपटॉप टेबलावरून हलतच नाहीत. चार्जर कायमचा लावलेला, खाली स्टँड, बाहेरचा कीबोर्ड, बाहेरचा माउस, कधीकधी बाहेरचा मॉनिटरसुद्धा. फिरत्या मशीनचे पैसे मोजायचे आणि ते एका जागी ठेवून वापरायचं, हे पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. तेवढ्याच पैशात त्या मुलाला कितीतरी चांगलं खेळता आलं असतं.

लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्हींवर एकाच ग्राफिक कार्डाचं नाव आहे. मग फरक कसला?

ग्राफिक कार्ड म्हणजे गेमचं चित्र तयार करणारा भाग. नाव एक असलं तरी आतली वस्तू वेगळी असते. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून आकडे देतो.

एनव्हीडिया या कंपनीचं आरटीएक्स ५०७० हे ग्राफिक कार्ड बघा. डेस्कटॉपच्या कार्डात ६१४४ कूडा कोअर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) आणि १२ जीबी मेमरी आहे, आणि ते २५० वॅटपर्यंत वीज घेतं. लॅपटॉपमधल्या ५०७० मध्ये कोअर ४६०८, मेमरी ८ जीबी, आणि लॅपटॉपप्रमाणे साधारण ५० ते १०० वॅटांत ते भागवावं लागतं. वरच्या वर्गात तर दरीच पडते. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६३८४ कोअर, २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅट. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९७२८ कोअर आणि १६ जीबी. हा ९७२८ चा आकडा डेस्कटॉपच्या ४०८० चा आहे. म्हणजे एक पायरी खालची चिप, तीही डेस्कटॉपच्या ४०९० च्या निम्म्याहून कमी विजेवर चालणारी, आणि खोक्यावर नाव मात्र वरच्या पायरीचं.

खालच्या वर्गात गोष्ट बरीच वेगळी आहे. आरटीएक्स ४०६० ला दोन्हीकडे ३०७२ कोअर आणि ८ जीबीच मेमरी आहे. लॅपटॉपने त्याला पूर्ण वीज दिली तर तो डेस्कटॉपच्या बराच जवळ जातो. त्यामुळे मधल्या बजेटचा लॅपटॉप घेणाऱ्याचं फारसं नुकसान होत नाही. दोन-अडीच लाखांचा लॅपटॉप घेणाऱ्याचं जास्त होतं. म्हणून कुणी "सगळ्यात महागडा गेमिंग लॅपटॉप कुठला?" असं विचारलं की मी त्याला आधी खाली बसवतो आणि हे आकडे दाखवतो.

ही वीज किती मिळते, ते कुठे लिहिलेलं असतं?

कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या तपशिलात 'टीजीपी' किंवा 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' असं लिहून वॅटचा आकडा दिलेला असतो. लॅपटॉपचं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवता येतं, आणि ते कितीवर चालवायचं हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पातळ, देखणा लॅपटॉप असेल तर आकडा हमखास कमी. कमी वॅटच्या ४०६० ला पूर्ण वॅटचं, एक पायरी खालचं ४०५० गाठतं, असंही होतं. दुकानदाराला हा आकडा सांगता आला नाही तर पैसे देण्याआधी घरी येऊन स्वतः शोधा.

मुलगी इंजिनिअरिंगला चालली आहे, होस्टेलवर राहणार. अभ्यासही करायचाय आणि खेळायचंही आहे.

लॅपटॉप. इथे मी वाद घालत नाही. लॅबमध्ये न्यावा लागतो, प्रोजेक्टच्या वेळी मैत्रिणीच्या खोलीत न्यावा लागतो, सुट्टीत एसटीने किंवा रेल्वेने घरी आणावा लागतो. होस्टेलची खोली दरवर्षी बदलते, आणि डेस्कटॉपचं कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस असं बिऱ्हाड दरवर्षी हलवणं म्हणजे शिक्षा आहे.

एकच सांगणं, वजन बघताना चार्जरचंही वजन धरा. मोठ्या गेमिंग लॅपटॉपचा चार्जर हातात घेतला तर वीट उचलल्यासारखं वाटतं. अडीच किलोचा लॅपटॉप चार्जरसकट तीन-सव्वातीन किलोपर्यंत जातो, आणि तो रोज पाठीवर घेऊन जिने चढायचे आहेत. मुलं पहिल्या वर्षी रोज नेतात आणि दुसऱ्या वर्षी खोलीतच ठेवतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. शक्य असेल तर सव्वादोन किलोच्या आतला घ्या, ग्राफिक कार्ड एक पायरी खालचं आलं तरी चालेल.

तेवढ्याच पैशात डेस्कटॉप खरंच जास्त ताकदीचा येतो का?

येतो, पण हिशोब पूर्ण मांडा. लोक नुसत्या कॅबिनेटच्या आतल्या भागांची बेरीज करतात आणि लॅपटॉपच्या किमतीशी तुलना करतात. लॅपटॉपमध्ये स्क्रीन, कीबोर्ड, स्पीकर, कॅमेरा, वायफाय, ब्लूटूथ आणि बॅटरी आलेली असते, बहुतेक वेळा विंडोजही. डेस्कटॉपला मॉनिटर लागतो, कीबोर्ड-माउस लागतो, हेडफोन लागतो, यूपीएस लागतो, विंडोजचं लायसन्स लागतं. स्वस्त मदरबोर्डवर वायफाय नसतं, त्याचं वेगळं कार्ड किंवा डोंगल आलं. टेबल-खुर्ची घरात नसेल तर तीही धरा. जेवणाच्या खुर्चीत बसून चार तास खेळणाऱ्यांची पाठ मी पाहिली आहे.

हे सगळं धरूनही ऐंशी हजारांच्या पुढे डेस्कटॉप सरस ठरतो, आणि बजेट वाढेल तसा फरक वाढत जातो. त्याच्या खाली काटा कधी इकडे, कधी तिकडे झुकतो. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव एकदम भडकले, कारण रॅम बनवणाऱ्या कंपन्यांचा बराच माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. त्यामुळे आधीचं कुणी सांगितलेलं "एवढ्या पैशात अमुक येतं" हे गणित आज तसंच लावू नका. घरात डीडीआर४ म्हणजे आधीच्या पिढीच्या रॅमचा जुना कॉम्प्युटर पडला असेल तर ती रॅम जपून ठेवा, ती चालेल असा मदरबोर्ड अजून मिळतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जातं. लॅपटॉप टिकेल का?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण मी अकोल्याचा.

लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक चिप एकमेकांना खेटून बसवलेल्या असतात आणि बहुतेकदा त्याच तांब्याच्या नळ्यांवर दोघींची उष्णता जाते. बाहेरची हवा जेवढी गरम, तेवढं थंड होणं अवघड. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेला की तो जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. खेळणाऱ्याला कळतं ते एवढंच, की पहिली वीस मिनिटं मस्त चालतं आणि मग गेम अडखळायला लागतो.

माझ्या मावसभावाचा लॅपटॉप मी दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात उघडला होता. त्याच्या खोलीत मोठा कूलर, टेबल बरोबर त्याच्या समोर. मागचं झाकण काढलं तर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध धुळीचा थर, अगदी लोकरीच्या घोंगडीचा तुकडा कापून ठेवावा तसा. चिमट्याने धरून ओढला तर तो एकसंध बाहेर आला. कूलरची दमट हवा आणि गवताच्या पॅडचा बारीक भुसा यांनी धूळ लिंपली होती. ब्रशने साफ केलं, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता नळ्यांकडे नेणारा लेप) बदलली, टेबल दुसऱ्या भिंतीला सरकवलं. तोच गेम, तीच दुपार, तापमान ९७ वरून ८५ वर.

तेव्हा उन्हाळ्याच्या गावात लॅपटॉप घ्यायचा असेल तर तीन गोष्टी पाळा. पलंगावर, उशीवर, मांडीवर ठेवून खेळू नका, कारण हवा खालून आत जाते. मागची बाजू दोन इंच उचलून ठेवा, त्यासाठी महागडा कूलिंग पॅड लागत नाही, दोन सारख्या उंचीची लाकडी ठोकळी पुरतात. आणि वर्षातून एकदा, मार्चच्या सुमारास, आतून साफ करून घ्या. वॉरंटी असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

डेस्कटॉपही तापतो, पण त्यात मोठे पंखे, मोकळी जागा आणि ब्लोअरने धूळ उडवायची सोय असते. कॅबिनेट घेताना पुढचा भाग जाळीचा घ्या. काचेचा पुढचा भाग दिसायला छान, पण विदर्भ-मराठवाड्यात तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांना वेगळा त्रास असतो: दमट हवा, पाली आणि मुंग्या. पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेला कॉम्प्युटर चालू करण्याआधी झाकण काढून एकदा आत बघा.

लाइट वारंवार जाते. डेस्कटॉप घ्यावा का?

घ्यावा, पण यूपीएसला पर्याय नाही. आणि यूपीएस म्हणजे दुकानदार सोबत देतो तो ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसच्या क्षमतेचं माप) नव्हे. त्याच्यावर साधारण ३६० वॅट एवढाच भार चालतो. ग्राफिक कार्ड जोरात असताना लाइट गेली की तो टिक्‌ करून बंद पडतो आणि मशीनही त्याच्यासोबत. मधल्या ताकदीच्या गेमिंग डेस्कटॉपला १००० व्हीएचा, म्हणजे ६०० वॅटच्या आसपासचा घ्या. त्यावर तास-दीड तास खेळता येईल असं समजू नका. गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला मिळणारी ती पाच-सात मिनिटं आहेत.

घरच्या इन्व्हर्टरवर चालेल का, असंही विचारतात. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोड असतो, तो चालू केला तर बदल पटकन होतो. नाहीतर लाइट गेल्याक्षणी कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या (म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आत वीज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते किंचित वीज पत्र्याकडे सोडतात, ती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हे फार दिसतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा, कॉम्प्युटर घेण्याआधी. या बाबतीत लॅपटॉप सुखाचा: बॅटरी हाच त्याचा यूपीएस.

म्हणजे लाइट गेली तरी लॅपटॉपवर खेळत राहता येईल?

सिनेमा बघता येईल, अभ्यास करता येईल. जड गेम नाही. बॅटरीतून एकदम फार वीज काढता येत नाही, म्हणून चार्जर निघताच ग्राफिक चिपचा वेग पुष्कळ खाली आणला जातो. शिवाय विमानात विनापरवानगी नेता येणारी बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतच, म्हणून कंपन्या त्याच्या आतच थांबतात. ९० वॅट-तासांची बॅटरी आणि १५० वॅटचा खर्च असं धरलं तर छत्तीस मिनिटं होतात.

वीजबिल किती वाढेल?

डेस्कटॉप मॉनिटरसकट ४०० वॅट आणि रोज तीन तास धरले तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. लॅपटॉप १८० वॅट धरला तर महिन्याला १६ युनिट. फरक वीसेक युनिटांचा. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढच्या युनिटांना जास्त दर आहे, तेव्हा तुमचं बिल आत्ता नव्वदीत असेल तर तो फरक जाणवेल. एसी असलेल्या घरात कळणारही नाही.

पुढे अपग्रेड करता येईल का?

लॅपटॉपमध्ये रॅम आणि एसएसडी, तेही सगळ्या मॉडेलमध्ये नाही. काहींत रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते. प्रोसेसर आणि ग्राफिक चिप जन्माला आली तशीच राहते.

डेस्कटॉपची गंमत इथे आहे. २०१७ मध्ये ज्यांनी एएमडी कंपनीचा पहिला रायझन प्रोसेसर एएम४ मदरबोर्डवर (एएम४ म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचेचा प्रकार) बसवला, त्यांच्यापैकी अनेकांना २०२२ मध्ये आलेला रायझन ५८००एक्स३डी त्याच बोर्डवर, नुसतं बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून बसवता आला. पाच वर्षांनी नवं मशीन घेतल्यासारखा फरक, आणि खर्च एका प्रोसेसरचा. आज नवीन घेणार असाल तर त्यापुढच्या पिढीचा एएम५ बोर्ड घ्या, त्याला २०२७ पर्यंत आणि पुढेही प्रोसेसर देत राहू असं एएमडीने सांगितलंय.

बिघडलं तर?

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपची ग्राफिक चिप वॉरंटी संपल्यावर चार महिन्यांनी गेली. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं की चिप वेगळी मिळत नाही, पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि खर्च सांगितला तो लॅपटॉपच्या निम्म्या किमतीच्या वर. मी दहा मिनिटं त्या काउंटरसमोर नुसता उभा होतो. त्यानंतर लॅपटॉप घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: तीन वर्षांची वाढीव वॉरंटी खरेदीच्या वेळीच घ्या, रंगीत कीबोर्डावर पैसे घालवू नका.

डेस्कटॉपमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी. प्रोसेसरला आणि ग्राफिक कार्डला बहुधा तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा. एक भाग गेला तर तेवढाच बदलायचा. त्यासाठी प्रत्येक भागाचं जीएसटी बिल सीरियल नंबरसकट घ्या आणि खोकी माळ्यावर ठेवा.

असेंबल कुठे करून घेऊ? मुंबईला जाऊ का?

लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अजूनही जाण्यासारखा आहे. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जाता येतं, चार दुकानांत विचारून भाव कळतो. पण ऑनलाइन किमती आधी लिहून न्या. आणि वॉरंटीसाठी पुन्हा मुंबईला खेपा घालाव्या लागणार असतील तर हजार-दोन हजार जास्त देऊन आपल्या गावच्या विश्वासातल्या दुकानातून घेतलेलं परवडतं.

दोन जागी डोळे उघडे ठेवा. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच मागा; 'ट्रे'चा, म्हणजे खोक्याशिवाय सुटा, स्वस्त मिळतो पण त्याला प्रोसेसर कंपनीची थेट वॉरंटी नसते. आणि कोटेशनमध्ये एसएमपीएसच्या पुढे नुसतं '५०० वॅट' लिहिलं असेल तर कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या. दुकानदार पैसे वाचवतो ते बहुतेकदा इथेच, आणि एसएमपीएस गेला तर सोबत बाकीचे भाग घेऊन जाऊ शकतो.

सेकंडहँड ग्राफिक कार्ड?

चालेल, समोर बसून अर्धा तास जड गेम चालवून दाखवला तर. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक कार्डं राबवून ते चलन कमावणं) बंद झालं तेव्हा रात्रंदिवस राबलेली हजारो कार्डं बाजारात आली, त्यांतली काही अजून फिरतायत. पंख्याचा आवाज ऐका, स्क्रूंवर खुणा आहेत का बघा, बिल मागा.

मी फक्त व्हॅलोरंट आणि असेच गेम खेळतो.

मग एवढा विचार करूच नका. असे गेम साध्या ग्राफिकवरही पळतात. तुमचे पैसे १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरवर आणि चांगल्या माउसवर लावा, फरक लगेच हाताला कळेल. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या कॉम्प्युटरच्या सुरक्षेच्या दोन सोयी चालू असाव्या लागतात. जुना कॉम्प्युटर विकत घेत असाल तर एवढं तपासा.

लॅपटॉपच घेणार आहे. वॅट सोडून आणखी काय बघू?

रॅमच्या एकाऐवजी दोन पट्ट्या आहेत का ते. बरेच मॉडेल एकाच पट्टीवर विकले जातात आणि तेवढ्याने गेमचा वेग मागे राहतो. दुसरी पट्टी टाकली की सुधारतो. मक्स स्विच आहे का, म्हणजे चित्र प्रोसेसरच्या ग्राफिकमधून वळसा न घालता थेट ग्राफिक चिपकडून स्क्रीनला देता येतं का. स्क्रीनचा रंग दुकानात समोर बघा, स्वस्त स्क्रीन धुतल्यासारखी फिकट दिसते.

डेस्कटॉपच हवाय, पण पैसे आत्ता निम्मेच आहेत. थांबू का?

थांबू नका, टप्प्याने घ्या. डेस्कटॉपची ही सोय लॅपटॉपमध्ये कधीच मिळणार नाही. आत चांगलं ग्राफिक असलेला प्रोसेसर घ्या, उदाहरणार्थ रायझन ५ ८६००जी. तो एएम५ बोर्डवर बसतो, आणि त्यावर हलके गेम आणि बरेच जुने गेम वेगळ्या कार्डाशिवाय चालतात. रॅमच्या मात्र दोन पट्ट्या टाका, कारण आतलं ग्राफिक रॅमच्याच जिवावर चालतं. मॉनिटर पहिल्याच दिवशी चांगला घ्या, तो दहा वर्षं राहील. एसएमपीएसही पहिल्याच दिवशी ६५० वॅटचा घ्या, म्हणजे वर्षभराने पैसे साठले की कार्ड आणायचं, झाकण उघडायचं, खाचेत बसवायचं आणि एक केबल जोडायची. माझ्या भाचीने गेल्या दिवाळीत हे स्वतः केलं. मी बाजूला नुसता टॉर्च धरून उभा होतो.